नक्षीदार मुठीच्या दुर्मिळ मोरो तलवारी जमवायच्या आहेत, सुरुवात कुठून करू?

प्रश्नात तुम्ही मूठ आधी लिहिलीय आणि तलवार नंतर, तिथेच माझं डोकं सटकलं. कारण गेली दहा वर्षं हेच मी आमच्या साडूंच्या तोंडून ऐकतोय.

मुठीवर भाळून मोरो तलवार, म्हणजे दक्षिण फिलिपिन्समधल्या मुस्लिम मोरो लोकांची तलवार, घेऊ नका, पातं बघा. झालं उत्तर. आता ऐका.

२०१४ साली इथे अमेरिकेत ओहायोतल्या एका गावात एस्टेट सेल होता. घरातलं म्हातारं माणूस गेलं की इथे पोरं सगळं सामान मांडून विकतात, तो. आम्ही दोन्ही जोड्या गेलो होतो डायनिंग टेबल बघायला. हॉलमधे भिंतीवर एक क्रिस, म्हणजे मोरोंची एक तलवार, लावलेला, नागमोडी पातं, आणि मूठ काय सांगू, वर पांढराशुभ्र काकाकुवा, तुरा, चोच सगळं, खाली चांदीच्या तारेचे वेढे. साडू जागेवर विरघळले. "हस्तिदंत आहे हो!" नऊशे डॉलर मोजले, घासाघीससुद्धा नाही.

मी तोवर गॅरेजमधे. तिथे गोल्फच्या काठ्या आणि मोडक्या छत्र्यांच्या डब्यात एक बारोंग, म्हणजे मोरोंचीच आखूड तलवार, उभा खोचलेला. म्यान गायब, मुठीवरच्या पक्ष्याची चोच उडालेली, चांदीची नळी काळी ठिक्कर. पण पातं! दीड फुटाचं, झाडाच्या पानासारखं पोटात रुंद, पाठीला जाड आणि धारेकडे पातळ होत गेलेलं. साठ डॉलर. साडू म्हणाले, "अहो हा कोयता कशाला घेताय, ऊस तोडायला जायचंय का?"

घरी येऊन भिंग लावलं. क्रिसचा मुठीजवळचा रुंद भाग, गांग्या म्हणतात त्याला, जुन्या क्रिसमधे वेगळा तुकडा असतो आणि सांधा दिसतो. पुढे पुढे पातं एकसंध करून सांध्याच्या जागी नुसती रेघ कोरायला लागले. साडूंच्या क्रिसला रेघच होती, तीही मधेच दम लागून थांबलेली. हस्तिदंत कापलेल्या बाजूने बघितला की एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. इथे चोचीखाली हवेचा बुडबुडा होता. रेझिनचा, म्हणजे साच्यात ओतलेल्या प्लास्टिकचा काकाकुवा! मी सांगितलं, तर पंधरा दिवस फोन नाही.

मग खंडेनवमी आली. साडूंकडे पूजा, तर म्हणाले तुमचा कोयता पण आणा. मी आदल्या रात्री नेऊन दिला, हीच घोडचूक. सकाळी बघतो तर यांनी चांदीची नळी घासून स्टीलच्या पेल्यासारखी चकचकीत केलेली, पात्याला आधी तारेची घासणी मारलेली, आणि मग समईसाठी कोळलेली उरलेली चिंच फासून रात्रभर ठेवलेलं. माझा बीपीच वाढला. धुवून काढलं तर पातं काळपट पडलेलं, आणि त्या काळपटात लाकडाच्या रेषांसारखी नक्षी वर आलेली. थर देऊन घडवलेलं पोलाद, जुन्या कारागिराचं काम. आंबट लागलं की वेगवेगळे थर कमीजास्त काळे पडतात, म्हणून दिसतात. हेच काम लोक पातळ व्हिनेगरने मिनिटा-मिनिटाला बघत करतात, मग खायचा सोडा लावून धुतात, पुसतात आणि तेल लावतात. तेव्हापासून साडू चारचौघांत सांगतात की बारोंगची किंमत त्यांनी शोधून काढली.

तर सुरुवात. हा माल अमेरिकेतल्या घरांमधे आहे, कारण १८९९ ते १९१३ या काळात दक्षिण फिलिपिन्समधे मोरोंशी लढलेल्या अमेरिकन सैनिकांनी तो पेट्या भरून आणला. १९०६ मधे सुलूतल्या बुद दाहो डोंगरावर बायकापोरांसकट शेकडो माणसं मारली गेली, ही तलवार तिथली तर नसेल असा विचार मला बारोंग हातात घेतला की येतोच. विकणाऱ्यांना नाव माहीत नसतं, 'जुना बोलो' (बोलो म्हणजे फिलिपिनो कोयता) किंवा 'मलाय चाकू' असं काहीही लिहितात, तेही शोधा. नुसतं 'बारोंग' टाकलंत तर निम्मे शर्ट येतील, फिलिपिनो लोकांचा सणासुदीचा शर्ट पण बारोंगच. कांपिलान या मोरोंच्या लांब तलवारीची मूठ आ वासलेल्या जबड्यासारखी, फार देखणी, पण चकचकीत दिसली तर टूरिस्ट माल समजून चाला. दुसऱ्या महायुद्धानंतरची बरीच पाती तर गाडीच्या स्प्रिंगपट्ट्यांची आहेत.

मूठ वाईट असं मी म्हणत नाहीये हं. मूठ झिजली की तिथलेच लोक नवी बसवायचे, पातं बापाकडून मुलाकडे जायचं, त्यामुळे पात्यापेक्षा मूठ नवी असली म्हणून खोटी ठरत नाही.

आणि हो, हे आधी लिहायला हवं होतं, भारतात असाल तर ९ इंचांपेक्षा लांब पात्याला आर्म्स ॲक्टच्या परवान्याची भानगड येऊ शकते आणि हस्तिदंती मूठ तर आणायचीच नाही, आधी वकिलाला विचारा. अमेरिकेतही २०१६ पासून आफ्रिकन हस्तिदंताच्या विक्रीवर जवळजवळ बंदीच आहे, शंभर वर्षं जुना असल्याचा कागद लागतो. रेझिनला लागत नाही. साडू वाचत असाल तर, चिंच तुमची हे कबूल, पण घासणीचे ओरखडे अजून आहेत, तेही तुमचेच.