सूत्र पाठ आहे तरी वर्गसमीकरणाचं उत्तर का चुकतं?

तू लिहिलंयस की दहावीला आहेस, अवयव पाडायला सुचत नाही म्हणून प्रत्येक वर्गसमीकरण सूत्रानंच सोडवतोस, सूत्र झोपेतसुद्धा म्हणून दाखवशील, पण उत्तर जुळत नाही. मी सांगलीत पोरांना गणित शिकवतो, त्यावरून सांगतो, तुझं सूत्र बरोबरच असणार. घोळ होतो तो मायनसचा, आणि तो पण ठरलेल्या दोन-तीन जागीच.

आधी समीकरण ए एक्स² + बी एक्स + सी = ० या रूपात आणायचं, सगळं डावीकडे, उजवीकडे फक्त शून्य. मग ए, बी, सी वेगळ्या ओळीत चिन्हासकट लिहायचे. समज ३एक्स² − ५एक्स − १ = ० आहे. ए = ३, बी = −५, सी = −१. पोरं बी = ५ लिहून मोकळी होतात आणि तिथंच गाडी घसरते.

आता सगळं सूत्र एकदम मांडू नकोस. आधी फक्त विवेचक काढ, बी² − ४ ए सी. (−५)² म्हणजे २५, कंस घातलाच पाहिजे नाहीतर −२५ लिहिलं जातं. पुढं −४ × ३ × (−१) म्हणजे +१२. बेरीज ३७. आता सूत्र, एक्स = (−बी ± √विवेचक) ÷ २ए, म्हणून एक्स = (५ ± √३७) ÷ ६. −बी म्हणजे −(−५), ते ५ झालं. आणि ही भागाकाराची रेघ ५ च्या पण खाली जाते, नुसत्या वर्गमुळाच्या खाली नाही, वहीत रेघ आखूड काढली की वर्गातल्या अर्ध्या पोरांचं उत्तर तिथं बिघडतं, खरंच सांगतो.

ताळा करायला दोन्ही मुळांची, म्हणजे एक्सच्या दोन्ही किमतींची, बेरीज कर, −बी/ए यायला पाहिजे, इथं ५/३. गुणाकार सी/ए, इथं −१/३. वर्गमुळं आपोआप उडून जातात, त्यामुळं पेपरात पण अर्ध्या मिनिटात होतं.

आता तू विचारलंस की हे सूत्र आलं कुठून. पुस्तकात बहुतेक ए नं भागून पूर्ण वर्ग करतात आणि अपूर्णांकांचा नुसता चिखल होतो. त्यापेक्षा ४ए नं गुण आणि सी चं पद उजवीकडे ने. ४ए²एक्स² + ४ ए बी एक्स = −४ ए सी. दोन्हीकडे बी² मिळव, डावीकडे (२ए एक्स + बी)² तयार होतं आणि उजवीकडे बी² − ४ ए सी, म्हणजे विवेचक समोर उभाच. वर्गमूळ घे, बी पलीकडे ने, २ए नं भाग, झालं सूत्र. एकही अपूर्णांक नाही. ही युक्ती जुने भारतीय गणिती श्रीधराचार्य यांची, भास्कराचार्यांनी १२ व्या शतकात आपल्या 'बीजगणित' या ग्रंथात त्यांचं नाव घेऊन दिलीय. गंमत म्हणजे ब्राझीलमध्ये शाळेतली पोरं या सूत्राला भास्कराचं सूत्र म्हणतात, आपल्याकडं नाव पण घेत नाहीत.

"हे कुठं लागतं" असं पण विचारलंयस म्हणून आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. समज तासगावकडं १० गुंठ्याचा आयताकृती तुकडा आहे, लांबी रुंदीपेक्षा ३३ फुटांनी जास्त, तर रुंदी किती? ३३ फुटाला १ माप धर. रुंदी एक्स, लांबी एक्स + १, म्हणून एक्स² + एक्स − १० = ०. इथं अवयव शोधत बसलास तर संध्याकाळ होईल, कारण विवेचक १ + ४० = ४१, आणि ४१ काही पूर्ण वर्ग नाही. √४१ साधारण ६.४०३, म्हणून एक्स = ५.४०३ ÷ २ = २.७०, म्हणजे ८९ फुटाच्या आसपास रुंदी आणि १२२ च्या आसपास लांबी. दुसरं मूळ −३.७०. रुंदी ऋण नसते म्हणून आपण ते सोडतो, पण जरा थांबून बघ, ३.७० ही तर लांबी आहे! एक्स −३.७० धरला तर एक्स + १ होतो −२.७०, आणि (−३.७०) × (−२.७०) पण जवळपास १० च होतात ना. टाकून दिलेलं मूळ उगाच आलेलं नसतं, मला हे फार आवडतं.

विवेचक शून्य आला तर दोन्ही मुळं समान, ऋण आला तर वास्तव मुळं नाहीत, एवढं लिहून थांबायचं. आणि विवेचक पूर्ण वर्ग आला, सहगुणक म्हणजे ए, बी, सी पूर्णांक असले, तर अवयव नक्की पडतात, म्हणजे सुचत नसतील तरी आहेत हे कळतं. पण प्रश्नात "सूत्राचा उपयोग करून सोडवा" असेल तर अवयव दिसले तरी सूत्रानंच सोडव, मार्क पायऱ्यांना असतात.

आता हे एक करून बघ: २एक्स² = ७ − ३एक्स. विवेचक ६५ यायला पाहिजे. −४७ आला तर सी चं चिन्ह परत बघ.