वकीलताईंना विचारा : काच फुटली, बॅग गेली आणि पोलीस म्हणतात अर्ज द्या

यावेळी टपालात आणि मेलवर निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयाची आलीयेत. ठाण्यातली, नवी मुंबईतली, गाडी फोडली, मोबाईल मारला, आरसा काढून नेला आणि पोलिसांनी ऐकून घेतलं नाही. म्हणून प्रॉपर्टीचे आणि भाडेकरूंचे प्रश्न पुढच्या अंकात, रागावू नका.

ताई, मागच्या शनिवारी रात्री मानपाड्याजवळ सर्व्हिस रोडला गाडी लावून आम्ही जेवायला गेलो, येऊन बघतो तर मागची डावी काच फोडलेली आणि ऑफिसची लॅपटॉप बॅग गायब. पोलीस स्टेशनला गेलो तर आधी हा स्पॉट आमच्याकडे येतो की शेजारच्यांकडे यावरच चर्चा, मग एक साहेब म्हणाले बॅग दिसेल अशी ठेवलीच कशाला, आणि शेवटी कोरा कागद देऊन "अर्ज लिहा, चौकशी करून कळवतो". शिक्का मारून झेरॉक्स दिली बस. ऑफिस म्हणतंय एफआयआर आणा नाहीतर पगारातून कापू. परत त्या पोलीस स्टेशनची पायरी चढायची इच्छाच राहिली नाही. टॅक्स कशाला भरतो आपण?
— एक वाचक, ठाणे पश्चिम

दादा, राग अगदी मान्य, पण तो काउंटरवर वाया घालवू नका. चोर सापडेल की नाही हे समोर बसलेल्या ठाणे अंमलदाराला पण माहीत नसतं, त्यावरून कितीही वाजलं तरी हाती काही लागत नाही. भांडायचं ते कागदासाठी. तुमच्या हातात आत्ता आहे तो अर्ज, आणि अर्ज म्हणजे गुन्हा दाखल झाला असं नाही, तो फाइलला लागतो आणि तिथेच राहतो. त्या पोलीस स्टेशनच्या महिन्याच्या आकड्यात तुमची बॅग कुठेच नाही, म्हणजे सरकारी हिशोबाने त्या सर्व्हिस रोडला त्या रात्री काही घडलंच नाही.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसी, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा जुना कायदा, जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिचं कलम १७३ म्हणतं की दखलपात्र गुन्ह्याची (ज्याचा तपास पोलीस मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय करू शकतात) माहिती, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, घ्यायची. म्हणजे "हा पट्टा आमच्याकडे येत नाही" हे कारणच संपलं, त्यांनी झिरो नंबरने गुन्हा नोंदवून शेजारच्यांकडे पाठवायचा, तुम्हाला पाठवायचं नाही. तोंडी सांगितलं तरी चालतं, ऑनलाइन किंवा मेलने दिलं तरी चालतं, फक्त तसं दिलं तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते (ही सही लोक विसरतात आणि मग पोर्टलवर टाकलेली तक्रार तशीच लटकते). एफआयआरची कॉपी फुकट मिळते. आणि दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर नोंदवलाच पाहिजे हे सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी २०१३ सालीच ललिता कुमारी निकालात सांगून ठेवलंय.

"चौकशी करून कळवतो" याला मात्र नव्या कायद्यात थोडी जागा आहे, ती माहीत असू द्या. तीन वर्षं किंवा जास्त पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल तर आधी प्राथमिक चौकशी करता येते, साधी चोरी यात बसते. पण त्यासाठी डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याची, म्हणजे आपल्याकडे कमिशनरेटमध्ये एसीपींची परवानगी लागते आणि चौदा दिवसांत ती चौकशी संपवावी लागते. तेव्हा आवाज न चढवता एवढंच विचारा, साहेब परवानगी कोणत्या तारखेला घेतली? बहुतेक वेळा एवढ्यावर गाडी पुढे सरकते.

अजून एक मुद्दा आम्ही वकील लोक अशा केसमध्ये मांडतो. साधी चोरी म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३(२), तीन वर्षांपर्यंत शिक्षा. पण कलम ३०५ मध्ये माल किंवा प्रवासी नेणाऱ्या वाहनातून वस्तू चोरली तर सात वर्षांपर्यंत आहे. खासगी कार यात बसते का यावर समोरून वाद होईल, होऊ द्या, तुम्ही तक्रारीत लिहा की मी कुटुंबाला घेऊन प्रवास करत होतो आणि गाडीतून चोरी झालीये. हे कलम लागलं तर ते प्राथमिक चौकशीचं प्रकरणच येत नाही. काच फोडली त्याची आगळीक, म्हणजे नुकसान केल्याचा गुन्हा, वेगळी, तीही लिहायची, तक्रारीत फक्त "बॅग चोरीला गेली" एवढंच लिहून येऊ नका.

परत जाताना टाइप केलेली तक्रार दोन प्रतींमध्ये न्या. जागा अशी लिहा की परक्या माणसाला सापडेल, जवळच्या दुकानाचं नाव, विजेच्या खांबाचा नंबर, गाडीचं तोंड कुठल्या बाजूला होतं. लॅपटॉपचा सिरियल नंबर आणि किंमत ऑफिसकडून लेखी घ्या, बॅगेत चेकबुक असेल तर त्याचं स्टॉप पेमेंट आजच करा. त्यांनी घेतलं नाही तर तीच तक्रार स्पीड पोस्टने तुमच्या परिमंडळाच्या डीसीपींना पाठवा, कायद्यात एसपी लिहिलंय, कमिशनरेटमध्ये ते काम डीसीपी बघतात. तिथेही काही हललं नाही तर कलम १७५(३) खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो, सोबत अॅफिडेव्हिट आणि डीसीपींना पाठवल्याचा पुरावा लागतो, म्हणून ती पोस्टाची पावती जपा. मॅजिस्ट्रेटपर्यंत जायची वेळ फार थोड्यांवर येते, डीसीपी ऑफिसमधून खाली फोन गेला की बरंच काम होतं.

आणि हो, बॅग दिसेल अशी ठेवली ही तुमची चूक असेल नसेल, त्याने चोरीचा गुन्हा कमी होत नाही. हे तिथे बोलून उपयोग नाही, मनात ठेवा.

ज्यांची काच अजून फुटायची आहे त्यांच्यासाठी एक सांगते. गाडी फोडलेली दिसली की आधी जागेवरून ११२ ला फोन करा, कॉलची वेळ नोंदली जाते. पंचनामा होईपर्यंत सीट साफ करू नका. बाजूची काच फुटली की तिचे साबुदाण्यासारखे दाणे होतात आणि ते आत पडलेत की बाहेर, त्यात एखादा छर्रा सापडतो का, हे बघणाऱ्याला बरंच काही सांगतं, गलोलीने छर्रे मारून काच फोडणाऱ्या टोळ्या आहेत. लोक मात्र घाबरून आधी झाडू मारतात आणि मग पोलिसांना बोलावतात.

नमस्कार मॅडम. मी कोपरखैरण्याला राहतो, रिटायर्ड माणूस. आमच्या लाइनीत रस्त्यावर लावलेल्या गाड्यांपैकी चार गाड्यांचे एकाच रात्रीत काही ना काही गेले, माझ्या गाडीची चाकाची कॅप आणि वायपर, शेजाऱ्यांच्या स्कूटरची बॅटरी. पोलीस म्हणाले एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, होईल. एनसी म्हणजे कचऱ्याची टोपलीच ना? पूर्वी चोरी म्हटली की गुन्हा घ्यायचे.
— एक ज्येष्ठ वाचक

काका, यावेळी पोलीस तुम्हाला बनवत नाहीयेत. पूर्वी आयपीसी ३७९ ला रक्कम बघत नव्हते, चोरी म्हणजे दखलपात्रच. आता चोरीच्या मालाची किंमत ५००० रुपयांपेक्षा कमी असेल तर गुन्हा अदखलपात्र, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. अशा चोरीत चोर पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली तर त्याला समाजसेवेची शिक्षा. मला विचाराल तर सामान्य माणसाच्या चोरीचा तपासच या एका ओळीने काढून घेतला, त्यावर जेवढा आवाज व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. स्कूटरची बॅटरी गेली की माणूस सकाळी कामावर कसा जाणार हे त्या पाच हजारात कुठे मोजलंय?

पण एनसी टोपलीत जात नाही. अशा नोंदींचा रिपोर्ट दर पंधरा दिवसांनी मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचा असतो, म्हणून चौघांनीही आपापली वेगळी एनसी करा, चौघांची मिळून एक अर्जी नको. किंमत खरी लिहा. खरी म्हणजे कमी नाही, आपण तिथे उभं राहून "असेल हजार दोन हजाराचं" म्हणून मोकळे होतो आणि तिथेच एफआयआर हातची जाते. आजच्या किमतीचं कोटेशन दुकानातून आणा, हल्लीच्या मोटरवाल्या आणि इंडिकेटरवाल्या आरशाची किंमत ऐकून बऱ्याच जणांचे डोळे पांढरे होतात. फुगवून मात्र लिहू नका, इन्शुरन्सवाला आणि कोर्ट दोघेही बिल मागतात. ईको गाडीचा सायलेन्सर गेला असेल तर प्रश्नच नाही, त्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे धातू असतात, चोर त्यासाठीच नेतात आणि ती किंमत पाच हजाराच्या बरीच वर जाते.

मग सोसायटीतर्फे सिनियर पीआय साहेबांना भेटा, चारही एनसी नंबर घेऊन. रात्रीची गस्त मागायची तर नंबर हातात असलेला बरा, नुसतं "आमच्याकडे फार चोऱ्या होतात" ते रोज ऐकतात.

मोबाईल ठाणे स्टेशनबाहेर रिक्षाच्या लाइनमध्ये खिशातून गेला. हवालदार म्हणाले "गहाळ झाला" असं लिहा, लगेच दाखला देतो, चोरी लिहिली तर कोर्टकचेरी मागे लागेल. मी लिहून दिलं. बरोबर केलं का?
— कॉलेजवाली, कळवा

नाही गं. खिशातून गेला तर चोरीच लिहायची. गहाळचा दाखला नवीन सिम घ्यायला पुरतो, पण मोबाईलचा इन्शुरन्स असेल तर चोरीचा क्लेम अडकू शकतो. आता जाऊन लेखी दे की आधीची नोंद चुकीची आहे, फोन चोरीला गेलाय. कोर्टाचं भूत घालतात तेवढं काही नसतं, चोर सापडून केस उभी राहिली तरच साक्षीला बोलावतात. प्लॅटफॉर्मवर किंवा लोकलमध्ये गेला असता तर लोहमार्ग पोलिसांकडे जायचं होतं, बाहेर रिक्षा स्टँडवर शहर पोलीस. आणि संचार साथी या सरकारी पोर्टलवरच्या सीईआयआरला, म्हणजे हरवलेले-चोरीचे फोन ब्लॉक करायच्या सोयीला, तक्रारीची कॉपी आणि आयएमईआय टाकून फोन ब्लॉक कर, कोणी त्यात सिम टाकलं तर माग लागू शकतो. आयएमईआय बॉक्सवर किंवा बिलावर असतो.

काच बदलायला इन्शुरन्स क्लेम करू का? लॅपटॉप पण त्यात मिळेल का?
— वाचक, खारघर

लॅपटॉप नाही, गाडीच्या पॉलिसीत आतलं सामान येत नाही, वेगळं अॅड-ऑन घेतलं असेल तरच. नुसती थर्ड पार्टी असेल तर काचही नाही. फुल पॉलिसी असेल तर काचेवर घसारा कापत नाहीत, पण १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १००० रुपये आपले, त्याहून मोठ्या इंजिनच्या गाडीला २०००, आणि क्लेम घेतला की नो क्लेम बोनस गेला, जो २० पासून ५० टक्क्यांपर्यंत असतो. बाजूच्या एका काचेसाठी पाच वर्षांचा बोनस घालवणारे लोक बघितलेत मी. आधी गॅरेजवाल्याचा भाव विचारा, मग ठरवा.

ताई, तुमच्या सदरात नेहमी पोलिसांवर बोट. माझे मिस्टर हवालदार आहेत, आम्ही ऐरोलीला राहतो. गोविंदा, गणपती, नवरात्र, निवडणुका, कोणी मंत्री आला की बंदोबस्त. घरी आले की बूट पण न काढता झोपतात. त्यांनी कोणाची काच शोधायची कधी?
— एक वाचक

वहिनी, पत्र छापते आहे कारण तुमचं म्हणणं खरंय. डीबीची, म्हणजे पोलीस स्टेशनच्या गुन्हे शोध पथकाची, पोरं बंदोबस्ताला गेली की तपास थांबतो हे मी कोर्टात रोज बघते. पण गुन्हे न नोंदवून तुमच्या मिस्टरांचं काम कमी होत नाही. खात्यात याला बर्किंग म्हणतात आणि ते हवालदार स्वतःच्या मनाने करत नाही, वरच्या क्राइम मीटिंगमध्ये "तुमच्या हद्दीत आकडा का वाढला" असं विचारलं जातं म्हणून खाली अर्जावर भागवतात. आकडा दाबला की कागदावर त्या हद्दीला कमी माणसं पुरतात असं दिसतं, मग जास्त माणसं मागणार कशाच्या जोरावर? माझं भांडण त्या मीटिंगशी आहे, घरी येऊन बुटासकट झोपणाऱ्या माणसाशी नाही.

एफआयआर होऊन दोन महिने झाले, काहीच कळत नाही. आणि समजा लॅपटॉप सापडलाच तर पोलीस देतील का हातात?
— वाचक, नेरूळ

तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत तक्रारदाराला कळवायचं पोलिसांवर बंधन आहे, कलम १९३, मेसेजने कळवलं तरी चालतं. नाही कळवलं तर तपास अधिकाऱ्याला लेखी विचारा. चोर सापडला नाही तर "अ समरी" जाते, म्हणजे गुन्हा खरा पण शोध लागला नाही. याचा अर्थ तुम्ही खोटे ठरलात असं नाही, आणि पुढे एखादी टोळी पकडली गेली तर तुमची फाइल उघडता येते.

माल सापडला तर तो मुद्देमाल, हातात सहसा देत नाहीत, बेलापूर कोर्टात परत मिळण्याचा अर्ज करायचा. मुद्देमाल पोलीस स्टेशनात सडत ठेवू नका, फोटो आणि पंचनामा करून मालकाला द्या असं सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच सांगितलंय आणि नव्या कायद्यातही फोटो-व्हिडिओ काढून लवकर निकाली काढायची तरतूद आहे. बंधपत्र लिहून द्यावं लागतं, की केस संपेपर्यंत विकणार नाही, बोलावलं तर आणून दाखवीन. बिल शोधून ठेवा. बिल नसेल तर बॉक्सवरचा सिरियल नंबर, आणि बॉक्सही रद्दीवाल्याला गेला असेल तर ज्या अकाउंटला लॅपटॉप जोडला होता त्यातल्या डिव्हाइस लिस्टची प्रिंट काढून अर्जाला जोडा.