कोल्हापुरी चप्पल अंगठ्याला लागते, एक नंबर मोठी घ्यावी का? की रोजचे स्नीकरच बरे?

मोठी अजिबात घेऊ नका.

तुम्ही लिहिलंय की रोज स्नीकर घालता, भावाच्या लग्नासाठी कोल्हापुरी घेतली, ती अंगठ्याच्या बेचक्यात लागते आणि दुकानदार म्हणतोय एक नंबर वरची न्या. हे ‘एक नंबर वरची’ मी बुटांच्या दुकानांत इतकं ऐकलंय, आणि दर वेळी शेजारी आमच्या वन्सं उभ्या असायच्या, म्हणून जरा लांबण लागेल. सांभाळून घ्या.

माझं माहेर कोल्हापूर. पाय पुढून रुंद, टाचेला अरुंद. माहेरी याचं कुणाला काही वाटलं नाही, कारण चप्पल लाईनीतले आमचे ठरलेले कारागीर कागदावर उभं करायचे, पावलाभोवती पेन्सिल फिरवायचे, पट्ट्याच्या जागी दोऱ्याने घेर घ्यायचे आणि आठवड्याने चप्पल तयार. पाय कसा आहे यावर चर्चा नाही. लग्न होऊन पुण्याला आले तेव्हा कळलं की माझे पाय ‘पसरलेत’. वन्संचं म्हणणं असं की लहानपणापासून चपला घातल्या की पाय मोकाट वाढतो, बुटात ठेवला की वळणावर राहतो. हे त्या चारचौघांत सांगायच्या, माझ्या पायांकडे बघत.

एकदा घरातल्या सगळ्यांचा सिंहगड ठरला. चपलेवर गड चढायचा नाही म्हणून वन्सं मला एका मोठ्या दुकानात घेऊन गेल्या. सहा नंबर लांबीला नेमका, पण करंगळीच्या बाजूने आवळत होता. विक्रेता मुलगा लगेच म्हणाला, “मॅडम, सात घ्या.” वन्सं म्हणाल्या, “घे गं, जाड मोजे घाल, बरोबर बसेल.” सात घेतला. आतकरवाडीच्या वाटेने चढताना काही वाटलं नाही. वर झुणका-भाकर, मडक्यातलं दही, सगळं झालं. उतरायला लागलो आणि पाय बुटात पुढे सरकायला लागला. प्रत्येक पायरीला नख पुढच्या रबरावर आपटत होतं, मागे टाच वर-खाली होऊन सोलून निघत होती, आणि करंगळी होती तशीच दाबलेली! पायथ्याला आले तेव्हा दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली होती. वन्संनी गाडीत बसताना सगळ्यांसमोर निकाल दिला : “सवय नाही ना हिला बुटांची.”

सवयीचा काय संबंध? बुटाचा नंबर हा लांबीचा असतो. आपल्याकडे चालतो तो इंग्लंडचा नंबर. एक नंबर वाढला की लांबी इंचाचा तिसरा भाग, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर वाढते. रुंदी त्या मानाने अगदी थोडी. शिवाय बूट वाकण्याची जागाही पुढे सरकते, त्यामुळे पाय एकीकडे वाकतो आणि तळ दुसरीकडे. रुंद पायाला लांब बूट देणं म्हणजे पोटात घट्ट झालेल्या सदऱ्यावर लांब बाह्यांचा सदरा देणं.

चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने 2021-22 मध्ये देशभर एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले. आपले पाय युरोप-अमेरिकेच्या पायांपेक्षा रुंद निघाले, आणि रुंद बूट मिळत नाहीत म्हणून लोक लांबीला मोठे घेतात हेही त्यात आलं. भारतीय मापांसाठी त्यांनी ‘भा’ ही पद्धत सुचवली आहे. ही बातमी मी घरच्या ग्रुपवर टाकली. वन्संनी फक्त अंगठा दाखवला. मात्र जून 2025 मध्ये प्राडाने मिलानमध्ये कोल्हापुरीसारख्या सँडल दाखवल्या, तेव्हा ती बातमी सगळ्यात आधी त्यांनीच पाठवली, खाली ‘आपली कोल्हापुरी’ असं लिहून. आपली! असो.

तुमच्या चपलेबद्दल. कोल्हापुरीत पाऊल धरतात ते दोनच : अंगठा (म्हणजे पायाचा अंगठा अडकवायची कातड्याची कडी) आणि पट्टा. मागे काहीच नाही. मोठी घेतलीत तर पट्टा सैल पडेल, पाऊल पुढे घसरेल आणि आत्ता जे लागतंय ते दुप्पट लागेल. टाच चपलेच्या मागच्या कडेला जेमतेम पोचली पाहिजे आणि पट्टा नवा असताना घट्टच पाहिजे. कातडं रुंदीला सैलावतं, लांबीला नाही. पट्ट्याला आतून आणि चपलेच्या अंगठ्याला एरंडेल किंवा खोबरेल चोळा, रात्रभर ठेवा, रोज थोडा वेळ घरातच घालून फिरा. तळाला तेल लावू नका, घसराल. एवढं करूनही एकाच जागी टोचत असेल तर शिवणीचं टोक किंवा कातड्याची कड वर आली असणार. चांभारदादांकडे न्या, ते रापीने तासून, ठोकून देतात. पण हे खऱ्या चपलेचं. हिरडा आणि बाभळीची साल यांत कमावलेलं कातडं आणि वादीची, म्हणजे कातड्याच्या दोरीची, शिवण असेल तर ती तेल पिते, पायाला धरून बसते. रेक्झिन आणि खिळ्यांची असेल तर लग्नात फोटोपुरती घाला आणि सोडून द्या. (अथणीची म्हणजे नकली, असंही कुणी सांगेल. चूक. 2019 चं भौगोलिक मानांकन महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून आहे, आणि हे मी कोल्हापूरची असून सांगतेय.)

स्नीकर की कोल्हापुरी, हा तुमचा मूळ प्रश्न राहिलाच. मी दोन्ही घालते. दिवसभर फरशीवर उभं राहायचं असेल, सकाळी उठल्यावर टाच ठणकत असेल, तर कोल्हापुरीचा कडक सपाट तळ बरा नाही, स्नीकर घाला. पावसात कोल्हापुरी बाहेर काढूच नका, फुगते आणि बुरशी धरते. आणि घरात कुणाला मधुमेह असून पायाची संवेदना कमी झाली असेल तर त्यांना नवी कोल्हापुरी देऊ नका. अंगठ्याला जखम झालेली त्यांना कळतच नाही.

स्नीकर घ्यायचेच तर संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. आतली गादी बाहेर काढून तिच्यावर उभं राहा. पाऊल कडेबाहेर आलं तर तो बूट तुमचा नाही, कितीही नंबर वाढवा. न्यू बॅलन्ससारख्या काही कंपन्या एकाच नंबरात वेगवेगळ्या रुंदीचे बूट काढतात. पुरुषांत डी म्हणजे नेहमीचा, टूई म्हणजे रुंद. दुकानात नसतो, मागवावा लागतो. माझे आता तसेच आहेत आणि सिंहगड उतरताना नखं शाबूत राहतात. वन्सं म्हणतात, “तो अमेरिकेचा नंबर, मोठाच असतो.” असतो ना. पण तोही लांबीचाच.