ताण आलाय हे आजारी पडायच्या आधी कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न असा, की रोजच्या धबडग्यात ताण जाणवतच नाही, थेट आजारी पडल्यावर कळतो, तर तो आधी ओळखायचा कसा. माझंही असंच व्हायचं. कुणी विचारलं तर "छे, मला कसला ताण!" असं मी अगदी मनापासून सांगायचे.

मला तो दातांत सापडला. सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असायचा, कानापुढे ठणकायचं. दाढ किडली असेल म्हणून दाताच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आरसा हातात दिला आणि सुळा दाखवला. टोक झिजून सपाट झालं होतं. झोपेत मी दात खात होते.

तेव्हापासून मी मनाला विचारत बसत नाही, शरीर तपासते. तोंड मिटलेलं असताना वरचे-खालचे दात एकमेकांना टेकायला नकोत, थोडी फट हवी. फोन ठेवला की आधी ते बघते. मग खांदे कानांकडे चढलेत का, ईमेल वाचताना श्वास रोखलाय का. आणि साध्या प्रश्नाला खेकसून उत्तर देणं! ही खूण आपल्याआधी घरच्यांना दिसते, त्यांना खुशाल विचारा.

"एवढ्याशा कारणानं कसला ताण" असं मात्र म्हणू नका. ताणाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ हान्स सेल्ये यांनी १९३६ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून मांडलं, की थंडी, इजा, अतिश्रम, कारण काहीही असो, शरीराची प्रतिक्रिया बरीचशी एकाच साच्याची असते. ॲड्रेनलिन, कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकं (हार्मोन्स) वाढतात, स्नायू ताठतात.

उपाय म्हणाल तर श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, म्हणून मी चार आकड्यांत श्वास घेते, सहा आकड्यांत सोडते, पाचेक मिनिटं. दुपारनंतर कॉफी बंद केली, कारण तिच्यातलं निम्मं कॅफीन साधारण पाच तासांनंतरही अंगात असतं. पण खरा फरक पडला तो टाळत असलेलं एकच काम रात्री कागदावर लिहून ठेवण्यानं. ते डोक्यात घोळायचं थांबलं आणि झोप लागायला लागली.

दोन-तीन आठवडे झोप उडालेली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटाच. आणि छातीत दुखलं, तर "ताणच असेल" म्हणून अंगावर काढू नका, लगेच दवाखाना गाठा.