हुकूमनाम्यानंतरची दरखास्त

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. कायद्याचं पहिलं वर्ष संपत आलंय, उन्हाळ्यात मोठ्या फर्ममध्ये जावं की शाळांच्या कज्ज्यांवर काम करणाऱ्या छोट्या ऑफिसात, हे तुझं ठरत नाहीये. त्याखाली एक ओळ तू लिहून खोडलीस, पण ती वाचता येते: "वकिलीने शहर खरंच बदलतं का?" मी आधी या खोडलेल्या ओळीचं उत्तर देते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच मिळेल.

नागपूरला ज्युनियर होते तेव्हाची गोष्ट आहे. एका खासगी शाळेतल्या शिक्षिकेला संस्थेने कामावरून काढलं होतं. शाळा न्यायाधिकरणात अपील चाललं आणि आम्ही जिंकलो. पुन्हा कामावर घ्या, मागचा पगार द्या, असा आदेश झाला. सिव्हिल लाइन्समधल्या टपरीवर सरांनी सगळ्यांना तर्री पोहे खिलवले. आठवड्याने त्या बाई ऑफिसात आल्या. शाळेत हजर करून घेत नव्हते. रोज साडेदहाला जायचं, व्हरांड्यातल्या बाकावर बसायचं आणि पाच वाजता परतायचं. मस्टरवर सही करू देत नव्हते. आदेशाची प्रत त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून आणली होती आणि घडीवर कागद फाटायला आला होता. मी त्यांना म्हणाले, "ताई, निकाल तर आपल्या बाजूने लागला ना, होईल हळूहळू." पुढच्या फायलीचं काम डोक्यावर होतं. त्या पुन्हा आल्या नाहीत. त्यांचं पुढे काय झालं याचा मी शोधही घेतला नाही. या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

तू इथे अमेरिकेत वाढलीस म्हणून सांगते. आपल्याकडे दिवाणी दावा जिंकला की हातात हुकूमनामा पडतो. पण त्यात लिहिलेलं प्रत्यक्षात उतरवायचं तर पुन्हा कोर्टात अर्ज करावा लागतो, त्याला दरखास्त म्हणतात. जुने वकील सांगायचे की पक्षकाराचं खरं दुखणं हुकूमनाम्यानंतर सुरू होतं. हे मला नागपुरात ऐकून माहीत होतं, पण त्याचा अर्थ कळला तो इथे टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलमध्ये, दोन कृष्णवर्णीय वकिलांची कामं वाचताना. एक झेड. अलेक्झांडर लूबी आणि दुसरे एव्हॉन विल्यम्स. तू रोज ज्या रस्त्यांवरून कॉलेजला जातेस, तिथेच या दोघांचं आयुष्य गेलं.

लूबी मूळचे कॅरिबियन बेटांतल्या अँटिगाचे. हॉवर्ड विद्यापीठात शिकले, 1925 साली कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली. बाबासाहेब त्याच विद्यापीठातून 1916 साली लंडनला गेले होते. दोघांची भेट झाल्याचं मी कुठे वाचलेलं नाही, म्हणून उगाच जोडत नाही. पण एक साम्य मला महत्त्वाचं वाटतं. वकिली करता करता दोघांनीही शिकवलं आणि शिकवण्यासाठी संस्था उभ्या केल्या. लूबी 1926 साली नॅशव्हिलला आले ते फिस्क विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवायला. सनद नंतर, 1929 साली मिळाली. मग त्यांनी काही सहकाऱ्यांबरोबर केंट कॉलेज ऑफ लॉ सुरू केलं, कारण कृष्णवर्णीय मुलांना या शहरात कायदा शिकायला दुसरी जागाच नव्हती. तिथून रॉबर्ट लिलार्ड यांच्यासारखा माणूस वकील झाला. लिलार्ड सनद मिळाल्यावरही कितीतरी वर्षं शहराच्या अग्निशमन दलात नोकरी करत होते. 1951 साली लूबी आणि लिलार्ड दोघेही नगर परिषदेवर निवडून आले. त्याआधी चाळीस वर्षं या परिषदेत एकही कृष्णवर्णीय सभासद नव्हता. हे शक्य झालं ते निवडणुकीचा नियम बदलून वॉर्डनिहाय मतदान आल्यामुळे. निवडणुकीच्या आकड्यांआधी नियम वाचायची सवय तू आत्तापासून लाव, कोण निवडून येणार हे बऱ्याचदा नियमातच ठरलेलं असतं.

लूबींच्या धाडसाचे प्रसंग तुला सगळीकडे सापडतील. 1946 साली जवळच्या कोलंबिया गावात (विद्यापीठाशी त्याचा संबंध नाही, फक्त नाव एक) दंगल झाली आणि पंचवीस कृष्णवर्णीयांवर खुनाच्या प्रयत्नाचे आरोप ठेवले गेले. लूबी, थरगुड मार्शल आणि मॉरिस वीव्हर यांनी खटला लढवला आणि सगळ्या गोऱ्या ज्यूरीसमोर तेवीस जण निर्दोष सुटले. पुढे त्याच प्रकरणातल्या आणखी एका सुनावणीहून परतताना पोलिसांनी दारू पिऊन गाडी चालवल्याचा खोटा ठपका ठेवून मार्शल यांना एकट्याला आपल्या गाडीत घातलं आणि गाडी नदीकडच्या आडरस्त्याला वळवली. लूबींना नॅशव्हिलकडे निघून जायला सांगितलं होतं. ते गेले नाहीत, मागोमाग गाडी हाकत राहिले. साक्षीदार मागे आहेत हे दिसल्यावर पोलिसांना परत फिरावं लागलं. तेच मार्शल 1967 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात बसले.

मला मात्र यापेक्षा जास्त शिकवलं ते केली खटल्याच्या फायलीने.

पूर्व नॅशव्हिलमध्ये ए. झेड. केली नावाचे एक न्हावी राहत होते. त्यांचा मुलगा रॉबर्ट चौदा वर्षांचा. घराजवळ ईस्ट हायस्कूल होतं, पण ते गोऱ्यांसाठी. रॉबर्टला नदी ओलांडून पर्ल हायस्कूलला जावं लागे. ब्राऊन खटल्याचा निकाल 1954 साली लागून गेला होता, शाळांमधलं विभाजन बेकायदा ठरलं होतं. कागदावर सगळं झालं होतं. शाळेत काहीच बदललं नव्हतं. सप्टेंबर 1955 मध्ये लूबी आणि विल्यम्स यांनी मार्शल यांच्यासोबत रॉबर्टच्या वतीने दावा लावला. स्कूल बोर्डाने उपाय काढला तो असा: 1957 साली फक्त पहिली इयत्ता एकत्र करायची आणि मग दर वर्षी एक एक इयत्ता वर चढायची. पालकाला पसंत नसेल तर मुलाला आपल्याच वर्णाच्या शाळेत नेण्यासाठी बदलीचा अर्ज करायची सोयही ठेवली. कोर्टाने ही योजना बऱ्याच अंशी मान्य केली.

आता कागद पेन घे आणि हिशोब कर. दावा रॉबर्टच्या नावाने होता आणि तो हायस्कूलमध्ये होता. ही पायरी त्याच्या इयत्तेपर्यंत पोहोचेपर्यंत तो शाळेतून केव्हाच बाहेर पडलेला असणार. ज्याच्या नावाने हुकूमनामा झाला, त्याच्या हाती त्यातलं काहीच आलं नाही. हा हिशोब मी पहिल्यांदा केला तेव्हा मला त्या व्हरांड्यातल्या बाई आठवल्या.

आणि जे थोडं मिळालं त्याचीही किंमत मोजावी लागली. 9 सप्टेंबर 1957 ला सहा-सहा वर्षांची मुलं गोऱ्यांच्या शाळांत गेली. त्याच रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, हॅटी कॉटन शाळा डायनामाइटने उडवली गेली. त्या शाळेत नाव घातलेली कृष्णवर्णीय मुलगी फक्त एक होती.

लूबी आणि विल्यम्स मात्र त्या बाकावरून उठून गेले नाहीत. पुन्हा अर्ज, पुन्हा सुनावणी. बदलीच्या सोयीचा मुद्दा नॉक्सव्हिल आणि नॅशव्हिल दोन्हीकडून वर गेला आणि 1963 साली सर्वोच्च न्यायालयाने ती सोय रद्द केली. 1971 साली दोन्ही वर्णांची मुलं एकत्र यावीत म्हणून त्यांना बसने लांबच्या शाळांत नेण्याचा आदेश झाला. त्यातही लांबच्या बसचा भार कृष्णवर्णीय मुलांवरच जास्त पडला, तेही अगदी लहान वयात, आणि त्याविरुद्ध पुन्हा अर्ज. हा खटला अखेर बंद झाला 1998 साली. लूबी 1972 साली गेले, विल्यम्स 1994 साली. दोघांपैकी एकालाही शेवटची तारीख बघायला मिळाली नाही. तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर या त्रेचाळीस वर्षांत आहे. शहर बदलतं, पण निकालाने नाही. निकाल लागल्यावर जो वकील दर वर्षी शाळांचे आकडे मागवून परत कोर्टात उभा राहतो, त्याच्यामुळे ते थोडं थोडं सरकतं.

1960 चा उठाव तुला माहीत आहेच, पण एक धागा आपल्या गावाचा आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. फक्त गोऱ्यांना बसू देणाऱ्या लंच काउंटरवर शांतपणे बसून राहायचं, मार खायचा पण हात उचलायचा नाही, याचं प्रशिक्षण मुलांना दिलं जेम्स लॉसन यांनी. ते 1953 ते 1956 अशी तीन वर्षं नागपूरला हिस्लॉप कॉलेजात होते. गांधींचा मार्ग त्यांनी आपल्याकडे राहून समजून घेतला. मॉन्टगोमेरीच्या बस बहिष्काराची बातमीही त्यांनी नागपुरातच वाचली. हिस्लॉपवरून मी शेकडो वेळा गेले असेन, पण ही गोष्ट मला कळली ती नॅशव्हिलच्या सार्वजनिक वाचनालयातल्या नागरी हक्क दालनात, तिथल्या गोल काउंटरवर बसून वाचताना. काउंटरवर आंदोलकांचे दहा नियम कोरलेले आहेत. मी बोटाने एकेक ओळ वाचत गेले आणि डोळे भरून आले.

त्या मुलांचे वकील लूबीच होते. फेब्रुवारी 1960 मध्ये ऐंशीच्या आसपास मुलांना अटक झाली. लूबी युक्तिवाद करत असताना न्यायाधीश त्यांच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसले. दंड झाला पन्नास डॉलर. मुलांनी दंड न भरता तुरुंगात जायचं ठरवलं. 19 एप्रिलच्या पहाटे लूबींच्या घरावर डायनामाइट फेकलं गेलं. पती-पत्नी मागच्या खोलीत झोपले होते म्हणून वाचले. स्फोट एवढा मोठा होता की समोरच्या मेहॅरी मेडिकल कॉलेजच्या शंभरावर खिडक्या फुटल्या. त्याच दिवशी हजारो लोक मुकाट्याने चालत सिटी हॉलवर गेले. तिथे विद्यार्थी नेत्या डायन नॅश यांनी महापौर बेन वेस्ट यांना सरळ विचारलं, वर्णावरून भेद करणं तुम्हाला योग्य वाटतं का? वेस्टही पेशाने वकील होते. त्यांनी नाही म्हटलं. तीन आठवड्यांत, 10 मे रोजी, काउंटर सगळ्यांसाठी उघडायला सुरुवात झाली. मला इथे मुलांचं श्रेय वकिलांना द्यायचं नाही. रस्त्यावरच्या माणसाने जे तीन महिन्यांत केलं ते कोर्टात पाच वर्षांत झालं नव्हतं. वकिलाने आपली जागा ओळखावी, ती बहुतेक वेळा पुढची नसते. पण मुलं तुरुंगात असताना त्यांच्यासाठी उभं राहणारं कुणीतरी लागतंच.

राजकारणाबद्दल थोडक्यात सांगते. टेनेसीच्या विधिमंडळाने 1901 पासून मतदारसंघ नव्याने आखलेच नव्हते, शहरं वाढली तरी वजन गावांचंच. बेकर खटल्याचा निकाल 26 मार्च 1962 ला लागला आणि कोर्टांना या प्रश्नात लक्ष घालता येईल हे ठरलं. या खटल्यानंतरची फेरआखणी झाली नसती तर 1968 साली विल्यम्स राज्याच्या सिनेटवर निवडून येणं फार अवघड होतं, असं माझं मत आहे. तिथे ते वीसेक वर्षं बसले आणि शाळांचे खटलेही चालवत राहिले.

त्यातला एक तर थेट तुझ्या उपयोगाचा आहे. 1968 साली रीटा सँडर्स गीयर ही टेनेसी स्टेट विद्यापीठातली तरुण प्राध्यापिका कायदाही शिकत होती. टेनेसी स्टेट हे कृष्णवर्णीयांचं सरकारी विद्यापीठ. त्याच गावात टेनेसी विद्यापीठ आपला वेगळा कँपस वाढवायला निघालं होतं. म्हणजे एका शहरात दोन सरकारी विद्यापीठं, एक गोऱ्यांचं, एक काळ्यांचं, आणि ती व्यवस्था पुन्हा पक्की. गीयरने दावा लावला, पुढे विल्यम्स त्यात उतरले. 1977 साली न्यायाधीश फ्रँक ग्रे यांनी सांगितलं की टेनेसी विद्यापीठाचा कँपस टेनेसी स्टेटमध्ये विलीन करा, आणि 1 जुलै 1979 ला ते झालं. गोऱ्यांची संस्था कृष्णवर्णीयांच्या संस्थेत विलीन झाली, उलट नाही. तरीही दावा पूर्ण मिटायला 2006 उजाडलं. डाउनटाउनमधल्या त्या कँपसला आज एव्हॉन विल्यम्स यांचं नाव आहे. गीयरने दावा लावला तेव्हा ती तुझ्यासारखीच विद्यार्थिनी होती, हे लक्षात ठेव.

उन्हाळ्याचं म्हणशील तर छोट्या ऑफिसात जा. मोठी फर्म वाईट म्हणून नव्हे. तिथे तुला पंधरा प्रकरणांचे तुकडे मिळतील, इथे एकाच प्रकरणाची पूर्ण फाईल मिळेल. गेल्यावर जुनी, निकाल लागलेली फाईल मागून घे आणि निकालाच्या तारखेपासून पुढे वाच. आदेशात काय होतं, किती दिवसांत करायचं होतं, कुणी तपासलं, ज्याच्या नावाने दावा होता तो माणूस आता कुठे आहे. त्याला फोन लाव. सिनियर म्हणतील हे कशाला, तरी लाव.

मानसन्मानाची वाट मात्र बघू नकोस. 1950 च्या दशकात लूबींचा अर्ज नॅशव्हिल बार असोसिएशनने नाकारला होता. सभासदत्वाचं प्रमाणपत्र दिलं ते 1982 साली, ते जाऊन दहा वर्षं झाल्यावर. त्यांच्या नावाचं वाचनालय शहराने 1976 सालीच बांधलं होतं. मी शनिवारी सकाळी तिथे जाते. मुलं गृहपाठ करत बसलेली असतात, मी कोपऱ्यातल्या टेबलाशी असते.

या शनिवारी तिथे ये. मी केली खटल्यातल्या काही आदेशांच्या प्रती काढून ठेवल्या आहेत, त्या 1957 पासून क्रमाने लावायच्या आहेत आणि मला दोन हात कमी पडताहेत. येताना स्कूल बोर्डाच्या पुढच्या बैठकीची विषयपत्रिकाही छापून आण. संध्याकाळी घरी जेवायला थांब, काकांनी झुणका-भाकरीचा बेत ठरवला आहे.

तुझी,
मावशी