फोमचं हातकवच खेळण्यासारखं दिसतंय, स्टीमपंक वाटावं म्हणून काय करू?

ईव्हीए फोमचं (हलक्या, लवचीक स्पंजासारख्या प्लास्टिकचं) हातकवच, त्यावर त्रिकोणात जुळवलेली तीन दातेरी चाकं, वरून सोनेरी स्प्रे. तरी ते जत्रेतल्या खेळण्यासारखं दिसतं, असं तुम्ही लिहिलंय. स्टीमपंक म्हणजे व्हिक्टोरियन काळातल्या वाफेच्या यंत्रांवर बेतलेली कल्पनारम्य शैली, म्हणून रंगाचं नंतर बघू. आधी हे यंत्र करतं काय, ते ठरवा.

तीन चाकं एकमेकांना भिडवली की ती हलूच शकत नाहीत. लगतची दोन चाकं नेहमी उलट दिशांना फिरतात, मग तिसऱ्याने फिरायचं कुठे? बघणाऱ्याला नेमकं सांगता येत नाही, पण खटकतं. एक काढून टाका. उरलेल्या दोघांचे दाते एकाच मापाचे हवेत.

त्या जागी दाबमापक लावा. यूजीन बूर्दोंने १८४९ साली पेटंट घेतलेल्या मापकात एक वाकडी, चपटी नळी असते. आतला दाब वाढला की ती सरळ व्हायला बघते आणि ती हालचाल काट्यापर्यंत पोचते. म्हणजे तबकडीत कुठून तरी नळी आलीच पाहिजे. नुसती चिकटवलेली तबकडी म्हणजे घड्याळ. पाव इंची तांब्याची नळी एसी-फ्रिज दुरुस्तीवाल्यांकडे मिळते. वाकवण्याआधी आत बारीक वाळू ठासून दोन्ही तोंडं बंद करा, नाहीतर वळणावर ती चपटी होते.

व्हिक्टोरियन बॉयलरचे पत्रे रिव्हेट मारून जोडत. म्हणून रिव्हेट जोडाच्या कडेनेच, सरळ रांगेत हवेत. दोघांमधलं अंतर रिव्हेटच्या व्यासाच्या अडीच-तीनपट. अर्धगोल मोती चालतात. स्क्रू मात्र एका खाचेचेच घ्या. फुलीच्या खाचेचा फिलिप्स स्क्रू १९३० नंतरचा, एवढ्यानेही सोंग उघडं पडतं.

आता रंग. फोमवरून हीट गन फिरवा, छिद्रं मिटतात. मग फेव्हिकॉल आणि पाणी समान घेऊन तीन हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. हे टाळलंत तर फोम रंग पितो आणि मनगट वळवलं की पापुद्रे निघतात. त्यावर मॅट काळा. सोनेरी ॲक्रिलिक तीन भाग आणि तांबूस एक भाग मिसळा, ब्रश कागदावर जवळजवळ कोरडा करा आणि फक्त उंचवट्यांवरून ओढा. शेवटी बर्न्ट अंबर (गडद तपकिरी रंग) एक भाग, पाणी पाच भाग. खाचांत सोडून मिनिटभरात फडक्याने पुसा. पितळ गंजून नारिंगी होत नाही, ते काळवंडतं किंवा हिरवं पडतं. नारिंगी गंज लोखंडी भागांपुरताच.

खरे पितळी वायसर किंवा निपल (नळ्या जोडायचे तुकडे) वापरणार असाल तर आधी थिनरने त्यांवरचं लॅकर, म्हणजे चकचकीत लेप, काढा. मग झाकणाच्या डब्यात तळाला वाटीभर अमोनिया ठेवून त्यावर ते टांगा आणि दर तासाला बघा. हे उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालूनच करा. ब्लीच जवळपासही नको. ताणून-दाबून घडवलेले पातळ तुकडे यात घालू नका. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवली की आपोआप तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि धातूत राहिलेला ताण मिळून हे होतं, याचा उलगडा १९२१ मध्ये झाला.

कपडेही सगळे तपकिरी कशाला? तो समज जुन्या फोटोंमुळे झालाय, असं मला वाटतं. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ विल्यम पर्किनचा जांभळा कृत्रिम रंग १८५६ चा, आणि त्यानंतर लंडनच्या बायका भडक रंगात वावरत होत्या. लंडनच्या १८६५ च्या क्रॉसनेस सांडपाणी पंपगृहातलं नक्षीदार बिडाचं कामसुद्धा लाल-हिरव्या रंगांत आहे. जाकीट गडद जांभळं घेतलंत तर पितळ जास्त उठून दिसेल.

वरचा क्लिअर कोट मॅट घ्या, आणि पावसाळी दमट हवेत मारू नका; पांढुरकी साय धरते.