सीएनसी राउटर (संगणकाच्या हुकमाने कापकाम करणारं मशीन) पीसीच्या पॅरलल पोर्टवरून चालवतो, मध्येच स्टेप्स, म्हणजे मोटरची ठरावीक छोटी पावलं, हुकतात. वेगवान पीसी घ्यावा की वेगळा कंट्रोलर?

कंट्रोलर. हे इतकं ठासून सांगतोय, कारण याच मुद्द्यावर माझं एका वरिष्ठांशी बराच काळ वाजत होतं.

आमचं राउटरही लिनक्ससीएनसी या मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, पोर्टमधून थेट स्टेप-डायरेक्शन, म्हणजे पाऊल आणि दिशेचे सिग्नल. लांब जॉबमध्ये एक्स अक्ष अचानक कण्हायचा आणि तिथून पुढचं सगळं काम सरकलेलं निघायचं. वरिष्ठांचा एकच धोशा, जास्त कोअरचा पीसी आणा. आणला. लेटन्सी-टेस्ट (पीसी वेळेला किती चुकतो ते मोजणारी चाचणी) लावली तर जिटर, म्हणजे वेळेतली ही चूक, जुन्यापेक्षाही वाईट! कारणं म्हणजे प्रोसेसरची वीजबचत, ग्राफिक्स, आणि सगळ्यात त्रासदायक एसएमआय (सिस्टिम मॅनेजमेंट इंटरप्ट): बायोस, म्हणजे मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर, मध्येच प्रोसेसर ताब्यात घेऊन आपलं काम उरकतो, ऑपरेटिंग सिस्टिमला पत्ताही लागत नाही.

हिशेब करून पाहा. मिलिमीटरला ४०० स्टेप्स आणि मिनिटाला ३००० मिमी वेग धरला तर सेकंदाला २०,००० पल्स (एका स्टेपला एक पल्स), म्हणजे दोन पल्समध्ये ५० मायक्रोसेकंद. एक पल्स २० मायक्रोसेकंद उशिरा आली की पुढची ३० मायक्रोसेकंदांतच येऊन धडकते. मोटरच्या दृष्टीने वेग एकदम वाढला. रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, मागे पडतो, स्टेप गेली. पीसी सरासरीने किती वेगवान आहे याचा इथे काही उपयोग नाही.

शेवटी जुनाच पीसी परत लावला आणि मेसा कंपनीचं एफपीजीए कार्ड (पल्सची वेळ स्वतःच्या चिपवर सांभाळणारं) जोडलं. आता पीसी दर मिलिसेकंदाला फक्त वेग सांगतो, पल्स कार्ड पाडतं. कण्हणं थांबलं. तुमचं मशीन साधं तीन अक्षांचं असेल तर आर्डुइनो उनो या छोट्या बोर्डावरचं जीआरबीएल हे कंट्रोलर सॉफ्टवेअरही चालेल, ते साधारण ३० किलोहर्ट्झपर्यंत स्टेप्स देतं.

मात्र प्रवेग जास्त ठेवला असेल किंवा मोटरला वीज देणाऱ्या ड्रायव्हरचा करंट कमी असेल, तर कुठल्याही बोर्डावर स्टेप्स जाणारच. ते आधी तपासा. आणि इथरनेटचं मेसा कार्ड घेतलंत तरी रिअल-टाइम कर्नल (कामं ठरल्या वेळी करणारा लिनक्सचा गाभा) लागतोच. पीसीचा निरोप वेळेत आला नाही की कार्डाचा वॉचडॉग, म्हणजे त्यावर नजर ठेवणारा टायमर, आउटपुट बंद करतो.

लिनक्सला रिअल-टाइम करणारं प्रीएम्प्ट-आरटी २०२४ मध्ये ६.१२ आवृत्तीपासून मुख्य कर्नलमध्ये आलं, म्हणून आता कार्ड कशाला, असं आमचे वरिष्ठ अजूनही म्हणतात. त्याने दर मिलिसेकंदाला करायचं काम वेळेवर चालतं, हे खरं. पण बायोसने पळवलेला वेळ कुठलाही कर्नल परत आणू शकत नाही. पटत नसेल तर त्यांनी नव्या पीसीवर लेटन्सी-टेस्ट रात्रभर चालू ठेवावी, सोबत ग्राफिक्सचा भार टाकून, आणि सकाळी आकडा दाखवावा.